थवे दिसतात, तरी पोपट धोक्यात कसे?

राणीच्या बागेत माझ्याबरोबर पक्षी पाहायला येणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. संध्याकाळ झाली की मुंबईच्या आकाशातून पोपटांचे थवेच्या थवे कलकलाट करीत जातात; मग पोपट धोक्यात आहेत, असे तुम्ही पक्षीवाले कशाच्या आधारावर सांगता? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

तुम्ही पाहता तो थवा बहुधा एकाच जातीचा असतो: नराच्या गळ्याशी काळी-गुलाबी कंठी असलेला कीर. जगात पोपटांच्या सुमारे 400 जाती आहेत आणि त्यांतल्या पाव हिश्शाहून अधिक जातींना नामशेष होण्याचा धोका आहे. कीर त्यांत नाही. त्याला गुलमोहराच्या कळ्या चालतात, पेरू-आंबे चालतात, गॅलरीत ठेवलेले दाणेही चालतात आणि झाडाची ढोली मिळाली नाही, तर जुन्या इमारतीच्या भिंतीतले भोकही तो पत्करतो. माणसांच्या वस्तीत इतक्या सहज रुळणारे पोपट थोडेच आहेत, त्यामुळे त्याच्यावरून बाकीच्यांची स्थिती जोखता येत नाही.

बाकीच्यांची अडचण ढोलीपासून सुरू होते. बहुतेक पोपटांना लाकूड पोखरून नवे घर करता येत नाही. सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने केलेले भोक कुरतडून मोठे करायचे, नाहीतर जिथे खोड आपोआप पोकळ झाले असेल अशी जागा शोधायची. पोपट जितका मोठा, तितके झाड जुने आणि जाड लागते. ब्राझीलच्या ईशान्येकडील कातिंगा या कोरड्या, काटेरी प्रदेशातला निळा स्पिक्स मकॉ (मकॉ म्हणजे लांब शेपटीचे अमेरिकी पोपट) ओढ्यांच्या काठच्या काराइबेरा नावाच्या झाडांत घरटे करीत असे. हे झाड तुम्ही पाहिलेले आहे: आपल्या रस्त्यांच्या कडेला शोभेसाठी लावलेला, पाने झडल्यावर पिवळ्याधमक फुलांनी भरून जाणारा टॅबेबुया तो हाच. तिकडे ही झाडे तुटली, नवी रोपे शेळ्यांनी वाढू दिली नाहीत आणि उरलेसुरले पक्षी हौशी संग्राहकांसाठी पकडले गेले. 1990 मध्ये रानात या जातीचा एकच नर सापडला. त्याने दुसऱ्याच जातीच्या मकॉ मादीशी जोडी जमवली होती. 2000 नंतर तोही दिसला नाही. 2022 मध्ये पिंजऱ्यात वाढवलेले काही पक्षी त्याच भागात सोडण्यात आले. ज्या पिंजऱ्यांनी ही जात रानातून संपवली, त्याच पिंजऱ्यांत तिचे बीज टिकून राहिले, हे मान्य करणे मला अजूनही जड जाते.

दुसरी अडचण विणीच्या संथ गतीची आहे. मोठे पोपट दीर्घायुषी असतात आणि पिल्ले मोजकीच वाढवतात; त्यामुळे वयात आलेली एक मादी दगावली, तर ती तूट भरून यायला वर्षे लागतात. न्यूझीलंडचा काकापो हा याचा टोकाचा नमुना म्हणता येईल. तो जगातला सर्वांत वजनदार पोपट असून त्याला उडता येत नाही आणि तो रात्री हिंडतो. रिमू वृक्षाला भरघोस फळे येतात तेव्हाच तो विणीला लागतो, आणि असा हंगाम 2 ते 4 वर्षांनी एकदा येतो. माणसांनी आणलेल्या मांजरी, उंदीर आणि स्टोट नावाच्या शिकारी प्राण्यामुळे 1995 मध्ये अवघे 51 काकापो उरले होते. त्यांना शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर हलवून माद्यांना जादा खुराक देण्यात आला, तेव्हा वेगळाच पेच उभा राहिला: धष्टपुष्ट माद्यांना नर पिल्लेच अधिक होऊ लागली. त्यामुळे मादीचे वजन पाहून खुराक ठरवावा लागला. आज त्यांची संख्या 200 च्या वर आहे. पोपट वाचवणे हे प्रेमाइतकेच वजनकाट्याचेही काम आहे, हे मी या उदाहरणावरून शिकलो.

आपल्या कीराची दुसरी बाजूही सांगायला हवी. मॉरिशसमध्ये त्याचा जवळचा नातलग, एको पोपट, राहतो. जंगलतोडीमुळे 1980 च्या दशकात या जातीचे जेमतेम दहा-बारा पक्षी शिल्लक होते. त्यातच बाहेरून नेलेले कीर तिथे मोकळे सुटून फोफावले आणि ढोल्यांवर हक्क सांगू लागले. पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम घरटी बसवून, खाद्य पुरवून आणि अशक्त पिल्ले हाताने वाढवून ती जात काहीशे पक्ष्यांपर्यंत आणली.

आपल्याकडे चिंता वाटावी असा पक्षी म्हणजे बाजारात ज्याला पहाडी म्हणतात तो: कीराहून मोठा, जाड लाल चोचीचा, खांद्यावर तांबडा पट्टा असलेला. हा पोपट चांगला बोलतो, म्हणून त्याची पिल्ले ढोलीतून काढून विकली जातात, आणि पिल्लांपर्यंत हात पोहोचावा म्हणून ढोलीच फोडली, तर पुढच्या वर्षीची जागाही जाते. जागतिक पातळीवर तो संकटाच्या उंबरठ्यावरची जात म्हणून नोंदलेला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कोणताही भारतीय पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. ज्योतिषाच्या पोपटालाही यातून सूट नाही. आफ्रिकी करडा पोपट किंवा मकॉ यांसारखे परदेशी पक्षी घरी असतील, तर 2024 च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली म्हणून तो पक्षी किंवा त्याचे आईबाप रानातून आलेले नव्हते असे सिद्ध होत नाही, असे माझे मत आहे.

राहिला प्रश्न मुंबईतल्या झाडांचा. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत सर्वांत आधी वाळलेल्या फांद्या जातात, आणि ढोल्या बहुधा त्यांतच असतात. रस्त्यावर झुकलेली धोकादायक फांदी कापलीच पाहिजे, त्याबाबत माझा वाद नाही. पण सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे खाली ना वाट ना वाहने, तिथले वाळके खोड निव्वळ नीटनेटकेपणासाठी तोडू नये. कापायचेच असेल, तर कीराची वीण उरकल्यावर, आणि ढोलीत पिल्ले नाहीत याची खात्री करून घेऊन मगच कापावे.