तुम्ही विचारलंत म्हणून: मोंतेविदेओत सण असतात का?

"तिकडे सणबिण असतात का गं काही? गणपतीत जीव लागत असेल का तुझा?" सुट्टीला साताऱ्याला आले की हा प्रश्न ठरलेला, मामी विचारते, शेजारच्या काकू विचारतात, शाळेतल्या मैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, आणि मी आजवर "असतो की, कार्निव्हल असतो" एवढंच सांगत आलेय. ते उत्तर फार तोकडं आहे, म्हणून आज नीट लिहिते.

मी नऊ वर्षं मोंतेविदेओत राहते, उरुग्वेची राजधानी, आयटीच्या नोकरीमुळे इथे आले. पहिल्या वर्षी ऑफिसचं सुट्ट्यांचं कॅलेंडर हातात आलं आणि मी बघतच राहिले कारण त्यात देवाधर्माच्या नावाचा सण असा जवळजवळ नव्हताच. या देशाने शंभर वर्षांपूर्वी चर्च आणि सरकार वेगळं केलं आणि १९१९ मध्ये कायद्याने सुट्ट्यांची नावंही बदलली, २५ डिसेंबर म्हणजे 'कुटुंब दिन', ६ जानेवारी 'बालदिन', ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा 'पर्यटन सप्ताह'. आता त्या आठवड्यात प्रादो भागात घोडेस्वारांचा मोठा मेळा भरतो, गाऊचो लोक, म्हणजे इथले घोड्यावरचे गुराखी, बेफाम घोड्यावर टिकून दाखवतात, १९२५ पासून चाललंय ते. छान असतं, मुलांना न्यावं असं. पण माझा जीव लागला तो वेगळ्या ठिकाणी.

इथला कार्निव्हल जानेवारीच्या शेवटी सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो, चाळीस दिवसांच्या आसपास, जगातला सगळ्यात लांब कार्निव्हल हाच असं इथले लोक अभिमानाने सांगतात. फेब्रुवारी म्हणजे इथला भर उन्हाळा. मोहल्ल्यामोहल्ल्यात स्टेज लागतात, त्याला ताब्लादो म्हणतात, आणि तिथे रात्री मूर्गा होतात, म्हणजे तोंडं रंगवलेले पंधरा-सतरा गाणारे, सोबत बोंबो म्हणजे मोठा ढोल, झांजा आणि एक ताशासारखा ड्रम, आणि वर्षभरात देशात जे काही झालं त्याचा गाण्यातून घेतलेला समाचार. आपल्या वगात सोंगाड्या राजाला तोंडावर सुनावतो ना, तीच जातकुळी. पहिली दोन वर्षं मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, स्पॅनिश पक्कं झालं तेव्हा कळलं की ही माणसं किती धीटपणे बोलतात, आणि १९७३ ते १९८५ लष्करी राजवट होती तेव्हा गाणी सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागायची तरी ती आडून आडून बोलतच राहिली.

आता मुख्य गोष्ट, शामादास. लिहिताना 'यामादास' वाटेल असं स्पेलिंग असतं पण इथले लोक शामादासच म्हणतात. अर्थ 'हाका'. फेब्रुवारीत दोन रात्री बार्रिओ सूर आणि पालेर्मो या जुन्या मोहल्ल्यांतून ईस्ला दे फ्लोरेस नावाच्या रस्त्याने चाळीसच्या आसपास पथकं जातात, प्रत्येकात पन्नासेक ढोल, पुढे प्रचंड मोठे झेंडे जे प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरवतात, काठ्यांवर चांदण्या आणि चंद्रकोरी, मग ठरलेली सोंगं. घेरदार घागरा आणि छत्रीवाली मामा बिएखा म्हणजे म्हातारी आई, थरथरत नाचणारा पांढऱ्या दाढीचा ग्रामिशेरो म्हणजे झाडपाल्याचा वैद्य, आणि छोटा झाडू बोटांवर फिरवणारा एस्कोबेरो. हे सगळं कांदोम्बे, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं वादन. अठराव्या शतकाच्या शेवटी या भागात गुलाम उतरवायचं बंदर मोंतेविदेओच होतं, गुलामी गेली १८४२ मध्ये, ढोल राहिले. २००९ मध्ये युनेस्कोने कांदोम्बेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

ढोल तीन प्रकारचे. चीको सगळ्यात लहान, तो एकच ठेका धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही, पियानो सगळ्यात मोठा, त्याचा आवाज पोटात बसतो, आणि मधला रेपीके मनाला येईल तसं बोलतो, बाकीच्यांना चेतवतो. खांद्याला पट्टा, एका हातात काठी, दुसरा हात उघडा, आणि मधेमधे काठी ढोलाच्या लाकडावर मारायची. तासनतास वाजवून हात सोलवटतात, कातड्यावर रक्ताचे डाग मी स्वतः पाहिलेत.

पण मी आधी मिरवणूक पाहिली नव्हती. आधी पाहिली ती शेकोटी. एका रविवारी संध्याकाळी फिरत पालेर्मोत गेले तर गल्लीच्या कडेला लाकडं-पुठ्ठे पेटवलेले आणि भोवती ढोल आडवे ठेवलेले, कातडी जाळाकडे करून, आणि एक आजोबा मधूनच एकेक उचलून बोटाने टकटक करून बघत होते. मी तिथेच उभी राहिले. आमच्या गावच्या जत्रेत हलगीवाले असंच करतात हो, पाचोळा पेटवून हलगी शेकतात, कान लावून बघतात, परत शेकतात. तो जळक्या कागदाचा आणि तापल्या कातड्याचा वास मला इतक्या लांब येईल असं कधी वाटलं नव्हतं. आणि मला आजीने सांगितलेलंही आठवलं, की तिच्या तरुणपणी हलगी वाजल्याशिवाय गावची पालखी हलायची नाही पण वाजवणाऱ्यांना देवळाची पायरी चढू द्यायचे नाहीत. इथेही ज्यांच्या ढोलावर शहर नाचतं त्यांची घरं पाडली गेली.

ती घरं म्हणजे चाळीच. कोन्बेन्तीशो म्हणतात, मधे चौक, भोवती एकेक खोलीची बिऱ्हाडं, कपडे धुवायची जागा सामाईक. बार्रिओ सूरमधली 'मेदिओ मुंदो' नावाची चाळ १८८५ ची, कुआरेइम रस्त्यावर १०८० नंबर, तिथून ढोल निघायचे आणि दुसऱ्या मोहल्ल्यातल्या ढोलांना हाक घालायचे, शामादास नाव पडलं ते यावरून. लष्करी राजवटीने ती रिकामी करायला लावली. ३ डिसेंबर १९७८ ला राहणाऱ्यांनी चौकात शेवटचं वाजवलं, नंतर चाळ पाडली गेली. पालेर्मोतल्या आन्सीना नावाच्या वस्तीतल्या लोकांनाही असंच उठवलं. माणसं शहराच्या कडेकडेला फेकली गेली आणि तिथे त्यांनी वाजवायला सुरुवात केली, म्हणून आज जवळजवळ प्रत्येक भागात ढोल ऐकू येतात. २००६ पासून ३ डिसेंबर हा कायद्याने राष्ट्रीय कांदोम्बे दिन आहे. आणि त्या पत्त्याच्या नावाचं पथक आजही शामादासमध्ये उतरतं, कुआरेइम १०८०, ते समोरून गेलं की म्हाताऱ्या बायका खुर्चीवरून उठून उभ्या राहतात.

गणपतीचं विचारता म्हणून येमान्जाबद्दलही सांगते. २ फेब्रुवारीला रामिरेस बीचवर समुद्राच्या देवीचा दिवस असतो, आफ्रिकेतून ब्राझीलमार्गे आलेली देवी. लोक पांढरे-निळे कपडे घालून येतात, वाळूत खड्डे करून मेणबत्त्या लावतात, छोट्या होड्यांत फुलं, कलिंगड, अत्तर ठेवून पाण्यात सोडतात. होडी परत आली तर पुन्हा ढकलतात, कंबरभर पाण्यात जाऊन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक बाई होडी गेली त्या दिशेला हात जोडून कितीतरी वेळ उभी होती, आणि मला आमच्या घरचं विसर्जन झाल्यावर रिकामा पाट घेऊन परत येणारी आई दिसली. त्या रात्री मी तिला फोन केला.

ऑगस्टमध्ये आमचे गणपती जवळ येतात तेव्हा इथे थंडी असते आणि २४ तारखेला नोस्ताल्खिआची म्हणजे जुन्या आठवणींची रात्र, सगळं शहर जुन्या गाण्यांवर नाचायला बाहेर पडतं, १९७८ मध्ये एका रेडिओवाल्याने सुरू केलेली पार्टी, दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असते म्हणून. मजा असते, पण मला त्या रात्री घरच जास्त आठवतं, खरं सांगते.

त्यामुळे मामी, काकू, तुम्हाला आणि इकडे यायचं म्हणून जे जे विचारतात त्या सगळ्यांना माझं सांगणं एकच असतं. शामादासचं तिकीट काढा, खुर्चीवर बसून बघा, डोळे दिपतील. पण त्याआधी किंवा नंतर एका साध्या रविवारी संध्याकाळी पालेर्मोत या, शेकोटी कुठे पेटलीय ते वासावरून कळतं, तिथे थांबा, घाई करू नका, कातडी तापायला वेळ लागतो. ढोल खांद्यावर चढले आणि ते चालायला लागले की तुम्हीही मागून चाला, कोणी काही म्हणत नाही, सगळा मोहल्ला तसाच चालत असतो, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या इथल्या चहासारख्या पेयाचं भांडं.

(ते कडू असतं, पण दिलं तर नाही म्हणू नका.)