पाणीच तर आहे!

"ताई, पाणीच तर आहे, त्याचं काय वजन!" मिस्त्री आज सहज बोलून गेला.

मावसभावाला हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीत फिशटँक बसवायचाय. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. भिंतीवर पेन्सिलीने चौकट आखून तयार. भिंत फोडायची, कडाप्पा घालायचा, त्यावर टाकी ठेवायची, झालं.

मी तिथेच हिशोब मांडला. 12 घनफूट म्हणजे जवळपास 340 लिटर, तितकेच किलो. वर जाड काच, वाळू, दगड. साडेचारशेला सहज पोचतं. आणि भिंत चार इंची! कॉलम-बीमच्या इमारतीत असली पार्टिशनची भिंत स्वतःचं वजन पेलते, बस. त्यात टाकी दीड फुटाची, म्हणजे फूटभर बाहेर येणार.

खाली लोखंडी अँगलचं स्टँड हवं, शक्य तर बीमच्या वर. भिंतीत नुसती मोकळी चौकट, तिच्यावर लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार घेणारी आडवी पट्टी. राहत्या घराचा स्लॅब वर येणारं वजन साधारण चौरस मीटरला 200 किलो धरून बांधतात आणि ही टाकी जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर साडेचारशे टाकणार, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनियरला आधी दाखवायलाच हवं.

"एवढं कशाला गं?" भाऊ म्हणाला.

खालच्या मजल्यावर नेमक्या त्याच जागी एका आजींची कॉट आहे, म्हणून. टाईल्सच्या रंगावर आपण आठवडे घालवतो. वजनाचं कुणी विचारतच नाही. तुमच्या घरातल्या टाकीचा भार नेमका कशावर आहे, पाहिलंय कधी?