थोडा झोल हवाच

मागच्या वर्षी चैत्रात मी घरबसल्या एक दोरीचा झुला मागवला. फोटोत मोठा देखणा दिसत होता. दोन्ही टोकांना पॉलिश केलेले लाकडी दांडे आणि मध्ये पांढरी जाळी, इस्त्री केल्यासारखी सपाट. अंगणातला निंब आणि गोठ्याचा खांब यांच्यामध्ये तो टांगला. बाजेची नवार सैल राहिली की वडील ओरडायचे, ते डोक्यात होतं, म्हणून हाही अगदी करकचून ताणला. वर बसलो, पाय उचलले आणि झाऱ्याने भजं उलटावं तसं झुल्याने मला उलटवलं.

माय ओसरीवर शेंगा सोलत होती. "आते तू काय न्हाना पोऱ्या शेस का?" म्हणाली. मी कोपर झटकत उठेपर्यंत तिने झुल्याकडे नीट पाहून घेतलं होतं. "झोयी अशी कोन बांधस?"

कापूस वेचायला आलेली बाई बांधाच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधते, तेव्हा ती कधीच ताणत नाही. पोटात भरपूर झोल सोडते. पोर त्यात खोल बसतं, म्हणून पडत नाही. माझ्या दांडेवाल्या झुल्यात मी जाळीच्या वर, पाटावरच्या गणपतीसारखा मांडला गेलो होतो. जरा कलंडलो की गेलो. दांडे फोटोसाठी असतात, असं माझं आता ठाम मत आहे.

भाचा अकरावी सायन्सला आहे. त्याने वहीत आकृती काढून दाखवली. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांवर असले, तर प्रत्येक दोरावर माझ्या वजनाएवढाच ताण येतो, म्हणजे ७२ किलोंचा. तेच दोर ओढून १० अंशांवर आणले, की ताण दोनशे किलोंच्या वर जातो. "मामा, तुम्ही झोपत नव्हता, खांब उपटत होता."

दुसरा झुला बिनदांड्याचा घेतला, सुती. घेताना जाळी तळहातावर पसरून पाहिली. बारीक धागे दाट असले तर अंग सगळीकडे पेललं जातं. मोजकेच जाड दोर असले तर दुपारी उठल्यावर पाठीवर सुंभाच्या बाजेसारखे वळ मोजून घ्यावेत. विणलेला भाग आपल्या उंचीपेक्षा दोनेक फूट तरी लांब हवा. कारण झुल्यात सरळ झोपायचंच नसतं. सरळ झोपलं की माणसाचं केळं होतं. डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला, असं तिरकं पडलं की पाठ जवळजवळ सपाट होते. मेक्सिकोच्या युकातानमध्ये माया लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच तिरके झोपत आले आहेत.

१४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तिथली माणसं सुती जाळ्यांत झोपलेली त्याला दिसली. त्या बेटांवरचा 'हमाका' हा शब्द मग गलबतांबरोबर जगभर गेला. इकडे आमच्या खानदेशात एवढा कापूस, पण आम्ही त्याच्या गाद्या भरल्या आणि झोळीत फक्त पोरांना ठेवलं. मोठ्या माणसाने झोळीत पडायचं म्हणजे आळशीपणा! पारा ४४-४५ वर गेल्यावर गादीखालून वारा लागत नाही, जाळीखालून लागतो, एवढी साधी गोष्ट.

टांगताना निंबाच्या खोडाला आधी गोणपाट गुंडाळतो, नाहीतर दोर साल कापतो. शेवग्याला चुकूनही बांधू नये, त्याचं लाकूड ठिसूळ. गाठ निरगाठ की सुरगाठ, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. त्यात मी पडत नाही. बसल्यावर टाच जमिनीला टेकली म्हणजे उंची बरोबर.

सुताला ओल चालत नाही. मृगाच्या आधीच तो घरात खुंटीवर जातो. धुताना दोन्ही टोकं एकत्र बांधायची, मग बादलीत बुचकळायचं. नाहीतर गुंता सोडवता सोडवता दिवाळी उजाडते. ब्रश नको, मशीन नको, वाळवायचं सावलीत. एवढं सांभाळूनही खारीचा बंदोबस्त मला जमलेला नाही. एकदा जागेपणी पाहिलं, माझ्या पायापासून हातभर अंतरावर बसून ती कडेचा धागा दातांनी पिंजत होती. कापसाचा पुंजका गालात कोंबला आणि सरळ वर, घरट्याकडे. मी हललो नाही. तेवढा एक पदर आता उसवलेलाच आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की मात्र झुल्याला खाली उतरावं लागतं. बहीण माहेरी येते, पिशवी ठेवायच्या आधी निंबाकडे बघते आणि म्हणते, "दादा, हे काढ आधी." त्या आडव्या फांदीला तिचा झोका बांधायचा असतो, जाड चऱ्हाटाचा, आणि खाली जागा मोकळी लागते. मग मी झुला गुंडाळून ओसरीवर माझी बाज टाकतो. संध्याकाळपर्यंत फांदी करकरत राहते.