दिवसाला एक हायड्रोजन

गणपतीला गावी गेले की हा प्रश्न ठरलेला असतो. आरती आटोपते, खिरापत हातावर पडते आणि कोणीतरी म्हणतंच, "अवकाशात तर पोकळी असते, थंडीचं तर विचारायलाच नको. मग तिथे रसायनं तयार होतात कशी?" यंदा हे विचारलं ते आठवीत मला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी. "क्रिया व्हायची तर उष्णता द्यावी लागते, हे मीच तुला शिकवलं ना?" त्या म्हणाल्या. तेवढ्यात पानं वाढल्याची हाक आली आणि माझं उत्तर अर्धवट राहिलं. बाई, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहून काढते.

तुमची शंका रास्त आहे. एके काळी ती खगोलशास्त्रज्ञांचीही होती. १९३७ ते १९४१ या काळात ताऱ्यांच्या प्रकाशात तीन रेणूंच्या खुणा ओळखल्या गेल्या होत्या, पण तिन्ही रेणू जेमतेम दोन-दोन अणूंचे. त्याहून मोठं काही तिथे टिकेल असं बहुतेकांना वाटत नव्हतं. अणू एकमेकांना भेटणार नाहीत, भेटलेच तर ताऱ्यांचे अतिनील किरण त्यांना फोडून टाकतील, असा समज होता. १९६८ मध्ये चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुर्बिणीतून आकाशगंगेच्या मध्याकडे अमोनिया सापडला. पाठोपाठ पाणी आणि फॉर्मल्डिहाइडही सापडलं. आज ही यादी तीनशेच्या पुढे गेली आहे.

आधी पोकळीबद्दल. चिंचोक्याएवढ्या जागेत, म्हणजे साधारण एका घन सेंटिमीटरमध्ये, आपल्या हवेचे २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. तारे जिथे जन्मतात त्या काळ्या ढगांत तेवढ्याच जागेत असतात दहा हजारांच्या आसपास. माझ्या प्रयोगशाळेतल्या पोलादी डब्यातली हवा पंप रात्रंदिवस ओढत असतात, तरी त्यात वीस लाखांहून जास्त रेणू उरतातच. आमचा सगळ्यात चांगला निर्वात त्या ढगापेक्षा दोनशेपट दाट आहे, हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी आकडेमोड दोनदा तपासली होती. त्या ढगात एका रेणूला दुसरा भेटायला काही आठवडे लागतात.

आता उष्णता. बाई, उष्णता लागते ती मधला चढ ओलांडायला. काही क्रियांमध्ये तो चढ नसतोच. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे कण, ढगात शिरून रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात, आणि असा विद्युतभारित रेणू समोर येईल त्याच्याशी उणे २६३ अंशांवरही जुळतो. पण एवढ्याने भागत नाही. हायड्रोजनचे दोन साधे अणू समोरासमोर आले तरी त्यांचा रेणू होत नाही. जुळताना जी ऊर्जा सुटते ती कोणाला तरी द्यावी लागते. घेणारं कोणी नसेल तर तीच ऊर्जा त्यांना पुन्हा अलग करते. दोघांचं जुळायला तिसरा मध्यस्थ हवा, आणि तो मध्यस्थ म्हणजे धूळ.

हे धूलिकण म्हणजे वाळूतल्यासारखी सिलिकेटं आणि काजळीसारखा कार्बन. आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. ढगाच्या वस्तुमानात त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का, पण गावातल्या वडाच्या पारासारखं त्यांचं काम चालतं. एकेकटे फिरणारे अणू येऊन टेकतात आणि तिथेच त्यांच्या गाठी पडतात. एका कणावर हायड्रोजनचा अणू किती वेळाने येतो? दिवसाला साधारण एक. ही संख्या मला फार आवडते. दिवसाला एक अणू, आणि हाताशी लाखो वर्षं.

कणावर ऑक्सिजन येऊन बसलेला असेल तर त्याला दोन हायड्रोजन मिळतात आणि पाणी होतं. ढगातलं बहुतेक पाणी असं कणाच्या अंगावरच तयार होतं आणि बर्फ म्हणून तिथेच राहतं. हा बर्फ फ्रीजमधल्यासारखा नसतो. स्फटिक बनायला रेणूंना थोडी हालचाल करावी लागते, आणि एवढ्या थंडीत ती होत नाही. जो जिथे पडला तिथेच तो थिजतो. त्यावर मग कार्बन मोनॉक्साइड गोठतो, आणि माझं काम इथून सुरू होतं.

कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजन चिकटताना मधे चढ आहे. उणे २६३ अंशांवर तो चढून जाणं हायड्रोजनला शक्य नाही. पण हायड्रोजन सगळ्यांत हलका अणू आहे, आणि इतक्या हलक्या कणाला पुंजभौतिकी, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम, एक वेगळी वाट देते: चढ न चढता आरपार जाण्याची. शक्यता कमी असते, पण थंडीमुळे कार्बन मोनॉक्साइड जागचा हलत नाही आणि हायड्रोजन कणावर भटकत पुनःपुन्हा त्याच्यापाशी येतो. कधीतरी तो पार होतो. दोन हायड्रोजन चिकटले की फॉर्मल्डिहाइड, चार चिकटले की मिथेनॉल, म्हणजे सगळ्यांत साधं अल्कोहोल. म्हणजे ही क्रिया थंडी असूनही होते असं नाही. थंडी आहे म्हणूनच होते. जरा ऊब आली, तर हायड्रोजन उडून जाईल आणि त्याच्यामागून कार्बन मोनॉक्साइडही. २००२ मध्ये जपानमध्ये होक्काइदोला वातानाबे आणि कोउची यांनी हे प्रत्यक्ष प्रयोगात दाखवलं.

आम्ही तोच धागा पुढे नेतो. डबा अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून दोन दिवस भाजायचा, म्हणजे आतल्या भिंतींना धरून बसलेलं पाणी निघून जातं. मग सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची चकती हीलियमच्या यंत्राने थंड करायची, तिच्यावर वायूचा नाजूक थर गोठवायचा, आणि त्यावर हायड्रोजनचे सुटे अणू सोडायचे. बर्फ डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर अवरक्त किरणांचा आलेख दिसतो. प्रत्येक रेणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषतो, तीच त्याची खूण. ४.६७ मायक्रॉनपाशी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्बन मोनॉक्साइडची खूण असते. ती हळूहळू बसत जाते, ५.८ जवळ फॉर्मल्डिहाइडचा उंचवटा येतो, आणि मग ९.७ च्या आसपास मिथेनॉल डोकं वर काढतं. ढगात ज्याला लाखो वर्षं लागतात ते आमच्याकडे तासाभरात होतं, कारण आम्ही हायड्रोजनचा मारा अफाट वाढवलेला असतो. एकदा पहाटे हीलियमचा कॉम्प्रेसर बंद पडला. मी धावत पोहोचले तेव्हा चकती ऊबदार झाली होती आणि आलेख सपाट होता. चार दिवसांचं काम होतं. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले.

आमचे हे आलेख खऱ्या ढगाशी ताडून बघता येतात. २०२३ मध्ये जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीची निरीक्षणं प्रसिद्ध झाली. सुमारे ६३० प्रकाशवर्षांवरच्या कॅमिलिऑन ढगामागे असलेल्या ताऱ्यांचा प्रकाश ढगातून गाळून आला होता, आणि त्यात पाणी, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन, मिथेनॉल यांच्या बर्फांच्या खुणा होत्या. त्या ढगाच्या त्या भागात अजून तारा पेटलेला नाही. म्हणजे सूर्य होण्याच्या आधीच मिथेनॉल तयार असतं. तो आलेख आमच्या आलेखाशेजारी ठेवून बघितला त्या दिवशी मी आईला फोन केला होता.

पुढचा प्रश्नही मला माहीत आहे: "मग जीव तिथूनच आला का?" याचं उत्तर मी घाईने देणार नाही. बर्फावर अतिनील किरण सोडून तो सावकाश खोलीच्या तापमानाला आणला, की पाणी आणि वायू उडून जातात आणि तळाशी पिवळट तपकिरी थर राहतो, लोणी कढवल्यावर भांड्यात राहणाऱ्या बेरीसारखा. २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना अशाच अवशेषात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते रेणू, मिळाली. रोझेटा यानाला ६७पी या धूमकेतूभोवती ग्लायसीन हे अमिनो आम्ल सापडलं. पण अमिनो आम्ल म्हणजे जीव नव्हे. त्या दोन्हींत केवढं अंतर आहे, ते तुम्हीच आम्हाला पेशीची आकृती काढून शिकवलंत.

बाई, बेरी धरलेली एक जुनी चकती मी जपून ठेवली आहे. पुढच्या गणपतीला येताना भिंगासकट घेऊन येते.