दोन्हीकडचे पेपर

भाच्याचा भर दुपारी फोन. "मावशी, एक डावा, एक उजवा आणि एक मधला, असे तीन पेपर सांग ना. रोज तिन्ही वाचायचेत. क्लासमध्ये सर म्हणाले, त्याशिवाय समतोल येत नाही." तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, त्यामुळे समतोलही वेळापत्रकातच बसवायचा. डावीकडचं नाव पटकन सुचलं, उजवीकडचं त्याहून पटकन. मधल्याशी गाडी अडली. मधला म्हणजे नेमका कोणाच्या मधला? जो मला मधला वाटतो तो माझ्या दिराला कट्टर वाटतो, आणि दिराचा मधला मी हातात धरत नाही. "संध्याकाळी सांगते" म्हणून फोन ठेवला. झोप गेली ती गेलीच.

आमच्या घरी आजोबांचा एक पेपर यायचा आणि शेजारच्या नानांकडे दुसरा. दोघांची मतं इतकी विरुद्ध की निवडणुकीच्या आठवड्यात दोन्ही घरच्या बायका त्यांना एकत्र बसू देत नसत. पण जेवणं उरकली की पेपरांची अदलाबदल व्हायची, आणि ने-आण करायचं काम माझं. आजोबा नानांचा पेपर उघडायचे तेच कपाळाला आठी घालून. हातात लाल-निळी पेन्सिल. निळी रेघ म्हणजे 'हे कोणी सांगितलं?' आणि लाल म्हणजे 'धादांत खोटं'. संध्याकाळी पेपर परत गेला की नाना त्या रेघांना समासात शाईच्या पेनानं उत्तरं लिहायचे. ती उत्तरं आजोबांना दाखवायला पेपर पुन्हा आमच्याकडे. एखाद्या अग्रलेखाच्या अशा इतक्या फेऱ्या व्हायच्या की मूळ मजकूर वाचता येईना. त्यांच्या रद्दीला कोणी भाव देत असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या बाजूचं वाचलं की माणूस मवाळ होतो असं म्हणतात. आमच्या या दोघांवर तसा काहीही परिणाम झाला नाही. उलट दुपारी नानांचा पेपर वाचून आजोबांचं मत जरा जास्तच घट्ट व्हायचं. रागवायला मिळतं म्हणूनच ते तो वाचत असावेत, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. मीही तेच करते, फक्त फोनवर आणि पेन्सिलीशिवाय. एक मात्र खरं. निकालाच्या दिवशी आजोबांना धक्का बसलेला मी कधी पाहिला नाही. हरायचे, चिडायचे, जेवायचे नाहीत, पण 'असं कसं झालं?' हा प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकला नाही. समोर किती माणसं आहेत आणि ती काय बोलताहेत, ते त्यांना रोज दुपारी कळत होतं.

अग्रलेखांची मला फारशी काळजी वाटत नाही. तो माणूस कुठे उभा आहे ते स्वतःच ओरडून सांगत असतो. माझी खोड वेगळी आहे. एका पेपरातली पहिल्या पानावरची बातमी दुसऱ्यात कुठे टाकली आहे, ते मी शोधत बसते. एकात मोर्चाचा उंचावरून काढलेला मोठा फोटो, नजर पोचेल तिथपर्यंत माणसं. दुसऱ्यात आतल्या पानावर वाहतूककोंडीची बातमी, आणि तिच्या शेवटच्या ओळीत 'एका मोर्चामुळे'. दोघांनीही खोटं काही छापलेलं नसतं. कधी कधी तर शोधाशोध करून हाती येतो तो पीटीआय या वृत्तसंस्थेचा तोच मजकूर, तीन पेपरांत तीन मथळ्यांखाली, स्वल्पविरामासकट. तीन पेपर वाचल्याचं पुण्य पदरात पडतं, बातमी एकच.

ही खोड वाढत गेली की माणूस छापलेल्यापेक्षा न छापलेल्याच्या मागे लागतो. ते काम मोठं कठीण. आणीबाणी लागल्यावर २८ जून १९७५ च्या 'इंडियन एक्स्प्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी ठेवली होती. त्या दिवशी निदान वाचकाला कळलं तरी की इथे काहीतरी असायला हवं होतं. एरवी न आलेल्या बातमीची जागा कोणी कोरी ठेवत नाही. तिथे दुसरी बातमी असते, नाहीतर गृहप्रकल्पाची जाहिरात. पान भरलेलंच असतं.

भाच्यासाठी नावं शोधता शोधता मी एका कल्पनेतल्या वाचकापाशी जाऊन पोचले. १८९१ साल. संमतिवयाच्या बिलावरून पुणं पेटलेलं. मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला कायद्यानं मान्य असलेलं वय, दहावरून बारावर न्यायचं, एवढीच दुरुस्ती. टिळकांचा 'केसरी' विरोधात, आगरकरांचा 'सुधारक' बाजूनं. आगरकर हे 'केसरी'चेच पहिले संपादक. मतभेद झाले, १८८७ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी आपलं पत्र काढलं. आता अशी कल्पना करा की एक गृहस्थ दोन्हींचे वर्गणीदार आहेत. सकाळी 'केसरी' वाचतात, दुपारी 'सुधारक', आणि मग शांतपणे आपलं मत बनवतात. भाच्याच्या सरांनी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

या गृहस्थांच्या घरी 'दीनबंधू' येत असेल का? तो १८७७ मध्ये पुण्यातच कृष्णराव भालेकरांनी सुरू केला होता, आणि पुढे मुंबईहून नारायण मेघाजी लोखंडे चालवत होते. शेतकऱ्यांचं काय चाललंय, गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी का हवी, ते त्यात असायचं. बिलावरच्या त्या घनघोर वादाच्या दोन्ही बाजू ज्यांच्या घरातून लढल्या जात होत्या, त्या घरांच्या बाहेरही बरंच मोठं जग होतं. आमचे समतोल गृहस्थ म्हणाले असते, "दोन्ही बाजू वाचल्या की हो मी!" आणि ते खरंच होतं.

मग ३१ जानेवारी १९२०. 'मूकनायक'चा पहिला अंक. मुंबई इलाख्यात निघणारी पत्रं पाहिली तर त्यांतली बरीचशी विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत, इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नाही, असं बाबासाहेबांनी त्यात स्वच्छ लिहिलं. या पत्राची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'नं छापली नव्हती. बातमी नव्हे, अग्रलेख नव्हे, पैसे मोजून द्यायची साधी जाहिरात. ती जिथे छापून यायची त्या जागी त्या दिवशी दुसरं काहीतरी असणारच, आणि वाचणाऱ्याला आपल्या पेपरात काही कमी आहे असं वाटायचं काहीच कारण नव्हतं.