लिबपीएनजी सापडली, तरीही बांधणी लिंकरपाशी अडली : माझा अनुभव

चित्रांच्या फाइली वाचण्याचे आणि लिहिण्याचे काम करणाऱ्या एका लहानशा मुक्तस्रोत सी प्लस प्लस लायब्ररीच्या देखभालीत मी सहभागी आहे. तिची बांधणी, म्हणजे कोडपासून वापरण्याजोगी फाइल तयार करण्याचे काम, सीमेक या साधनाने होते आणि पीएनजी फाइलींसाठी ती लिबपीएनजी या तयार लायब्ररीवर अवलंबून आहे. नव्या संगणकावर मी ती प्रथमच बांधायला घेतली, तेव्हा कन्फिगरचा, म्हणजे लागणाऱ्या गोष्टी शोधून बांधणीची तयारी करण्याचा टप्पा बिनतक्रार पार पडला, सर्व फाइली कंपाइल झाल्या आणि अगदी शेवटी, कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी एकत्र जोडणाऱ्या लिंकरने 'पीएनजी सेट लाँगजंप एफएन' या फंक्शनची व्याख्याच सापडत नसल्याचे सांगितले.

माझा पहिला तर्क असा होता की लिंकरला लिबपीएनजी दिलीच जात नसावी. म्हणून बांधणी पुन्हा तपशीलवार आउटपुटसह चालवून लिंकरला दिलेली संपूर्ण आज्ञा वाचली. लायब्ररीचा मार्ग तिच्यात होता. मग लायब्ररींचा क्रम चुकला असेल असे वाटले, कारण स्टॅटिक लायब्ररी (जिचा कोड वापरणाऱ्या प्रोग्राममध्येच मिसळला जातो) जोडताना क्रमाला महत्त्व असते, आणि तो बदलून पाहण्यात माझे बरेच तास गेले. त्यातून काहीही निष्पन्न झाले नाही.

उलगडा झाला तो त्या फंक्शनच्या नावावरून. ते लिबपीएनजीच्या 1.2 मालिकेत नाही, नंतरच्या मालिकांत आहे. म्हणजे कंपायलरने नव्या आवृत्तीचे हेडर (लायब्ररीतील फंक्शनांची ओळख करून देणारी फाइल) वाचले होते आणि लिंकरच्या हाती मात्र जुनी लायब्ररी पडली होती. पण कन्फिगरच्या वेळी आलेल्या संदेशात तर लिबपीएनजी सापडल्याचे आणि तिची आवृत्ती 1.6 असल्याचे स्पष्ट लिहिले होते, आणि त्याच ओळीवर विसंबून मी आवृत्तीची शंका आधीच बाजूला ठेवली होती. तीच ओळ पुन्हा सावकाश वाचल्यावर लक्षात आले की तिच्यात आवृत्ती नवी असली, तरी लायब्ररीचा मार्ग वेगळ्याच, जुन्या फोल्डरचा आहे.

याचे कारण सीमेकच्या शोधपद्धतीत आहे. लिबपीएनजी शोधणारे मॉड्यूल हेडर आणि लायब्ररी यांचा शोध स्वतंत्रपणे घेते आणि आवृत्तीचा आकडा हेडरमधून वाचते. दोन्ही एकाच ठिकाणची आहेत की नाहीत, याची खातरजमा ते करत नाही. माझ्या संगणकावर एका जुन्या कामासाठी ठेवलेला लायब्ररींचा संच होता, ज्यात हेडर नव्हते, आणि त्या संचाचा मार्ग सीमेकच्या 'प्रीफिक्स पाथ' या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या, प्रणालीत ठेवलेल्या मूल्यात) राहून गेला होता. हा मार्ग प्रणालीच्या नेहमीच्या जागांआधी तपासला जातो. त्यामुळे लायब्ररी तिथेच मिळाली आणि हेडर तिथे नसल्यामुळे शोध पुढे सरकून प्रणालीतील 1.6 च्या हेडरवर थांबला.

ते व्हेरिएबल मी काढून टाकले आणि कन्फिगर पुन्हा चालवले, तरी चूक तशीच! एकदा सापडलेला मार्ग सीमेक बांधणीच्या फोल्डरातील कॅश फाइलमध्ये लिहून ठेवते आणि तो तिथे असेपर्यंत नव्याने शोध घेत नाही, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी सुचले नाही. सीमेकच्या 3.24 आवृत्तीपासून 'फ्रेश' हा पर्याय दिला की ती जुनी कॅश बाजूला सारून कन्फिगर नव्याने सुरू करते. मी तो वापरला. सोबत 3.17 पासून उपलब्ध असलेला 'डीबग फाइंड' हा पर्यायही दिला, ज्यामुळे प्रत्येक शोध कोणकोणत्या फोल्डरांतून गेला याची यादी समोर येते. ती फार लांबलचक असते, पण मी ती पूर्ण वाचली आणि दोन्ही शोध आता प्रणालीच्याच जागी थांबत असल्याची खात्री करून घेतली. बांधणी पूर्ण झाली.

मात्र लायब्ररी इन्स्टॉल करून दुसऱ्या एका लहान प्रकल्पातून वापरून पाहिली, तेव्हा आमच्या स्वतःच्या कन्फिगरेशनमधला दोष उघड झाला. त्या प्रकल्पाचे कन्फिगर थांबले, कारण आमच्या लायब्ररीला लिबपीएनजीचे टार्गेट (सीमेकमधली तिची नावासह नोंद) हवे होते आणि ते तिथे कोणी शोधलेच नव्हते. लिबपीएनजी आम्ही 'प्रायव्हेट', म्हणजे फक्त आतल्या वापरासाठीची, म्हणून जोडलेली असल्यामुळे तिचा बाहेरच्यांशी संबंध येणार नाही, असा आमचा समज होता. शेअर्ड लायब्ररीसाठी (जी वेगळी फाइल राहून प्रोग्राम चालताना जोडली जाते) तो चालून जातो. स्टॅटिक लायब्ररीसाठी नाही, कारण स्टॅटिक लायब्ररीचे प्रत्यक्ष लिंकिंग वापरणाऱ्याच्या प्रकल्पातच होते आणि म्हणून लिबपीएनजीची गरजही तिथेच उभी राहते. आमच्या पॅकेजच्या कन्फिग फाइलमध्ये, टार्गेटांची फाइल समाविष्ट करण्याआधी, 'फाइंड डिपेन्डन्सी' ची, म्हणजे लागणारी लायब्ररी शोधायला सांगणारी एक ओळ घालणे एवढाच उपाय होता. ती ओळ इतके दिवस नसूनही कोणाला अडचण आली नाही, याचे मला आश्चर्य वाटले. बहुधा आमचे बहुतेक वापरकर्ते शेअर्ड बांधणीच वापरत असावेत.

ही दुरुस्ती पुल रिक्वेस्टमधून, म्हणजे बदल प्रकल्पात घेण्याच्या विनंतीतून, पाठवताना मी स्वयंचलित तपासणीत एक टप्पाही वाढवला. त्यात लायब्ररी स्टॅटिक रूपात बांधून रिकाम्या फोल्डरात इन्स्टॉल केली जाते आणि काही ओळींचा एक स्वतंत्र प्रकल्प तिथून ती शोधून जोडतो. पहिल्याच फेरीत तो टप्पा अडला, कारण जेपीईजीच्या लायब्ररीसाठीही तशीच ओळ राहिली होती. तीही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये घातली.