द्रासला तासभर नाही, एक रात्र थांबा

श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकापाशी तासभर थांबतात. ज्योतीपुढे हात जोडून होतात, फोटो निघतात आणि मंडळी कारगिलच्या मुक्कामाला निघून जातात. आम्ही द्रासमध्येच राहिलो आणि स्मारक दोनदा पाहिलं, आदल्या दिवशी दुपारनंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिल्या भेटीत डोळे भरून आले खरे, पण तिथे नेमकं काय घडलं होतं ते कळलं दुसऱ्या भेटीत.

सोबत मामा होते, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. गुडघे कुरकुरतात, पण द्रास बघायचंच, हे त्यांनी कधीचं मनात धरलं होतं.

आधी रस्त्याचं. आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो. श्रीनगरहून द्रास साधारण 140 किलोमीटर आहे. पहाटे निघालात तरच बरं. सोनमर्गच्या अलीकडचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी 2025 मध्ये खुला झाला, त्यामुळे तो टप्पा आता सोपा आहे. खरी परीक्षा त्यापुढच्या झोजिलाची. खिंड 3,528 मीटर उंचीवर, रस्ता अरुंद, एका अंगाला सरळ दरी. वाहतूक बऱ्याचदा एका वेळी एकाच बाजूने सोडतात, म्हणून आदल्या संध्याकाळी वेळा विचारून ठेवा. टाकी श्रीनगरलाच भरून घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम इकडे चालत नाही, निदान एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या. द्रास सव्वातीन हजार मीटरच्या आसपास आहे. श्रीनगरकडून आलात तर पहिल्या दिवशी धावपळ टाळा, जिने सावकाश चढा, पाणी पीत राहा. सप्टेंबरातही ऊन उतरलं की थंडी एकदम अंगावर येते. मामांसाठी घेतलेली कानटोपी दुपारी तीनलाच बाहेर काढावी लागली.

स्मारक गावापासून पाच-सहा किलोमीटर पुढे, कारगिलच्या दिशेला, महामार्गालगतच आहे. ओळखपत्र जवळ ठेवा. दारातून एक सरळ वाट ज्योतीकडे जाते. ज्योतीमागे गुलाबी दगडाची भिंत आहे आणि तिच्यावर नावं कोरलेली. भिंतीच्या मागे, इतक्या जवळ की मान वर करावी लागते, तोलोलिंगचा डोंगर. बाजूच्या वीरभूमीत एकेका जवानाच्या नावाचे दगड आहेत. संग्रहालयाला कॅप्टन मनोज पांडे यांचं नाव दिलेलं आहे. तिथे मुलांना घेऊन गेलात तर घाई करू नका आणि फोटोबाबतच्या पाट्या पाळा.

पहिल्या दिवशी आम्ही हे सगळं रीतसर पाहिलं. रात्री खोलीत मामा म्हणाले, "नावं वाचलीस. आता उद्या डोंगर वाच."

सकाळी दुर्बीण घेऊन गेलो. (दुर्बीण न्याच. साधी चालेल.) मामांनी मला भिंतीकडे पाठ करून न बसवता तिच्या बाजूला, उतार पूर्ण दिसेल असं बसवलं. तोलोलिंगवर झाड नाही, झुडूप नाही. आडोसा म्हणजे दगड, आणि तोही मोजका. वर बसलेल्या शत्रूला खालचा रस्ता, गाड्या, माणसं सगळं दिसणार. 1999 च्या मे महिन्यापासून जवळपास तीन आठवडे या उतारावर हल्ले चढवले गेले आणि 13 जूनला 2 राजपुताना रायफल्सने शिखर घेतलं. त्या आधी 18 ग्रेनेडियर्सचे मेजर राजेश अधिकारी इथेच पडले. त्यांचा देहसुद्धा लगेच खाली आणता आला नव्हता. जूनच्या सुरुवातीला त्याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल आर. विश्वनाथन गेले. शिखराच्या लढाईत मेजर विवेक गुप्ता गेले. अधिकारी आणि गुप्ता यांना मरणोत्तर महावीर चक्र, विश्वनाथन यांना वीर चक्र.

मी विचारलं, "मामा, तुम्हाला हा उतार बघून काय दिसतं?"

"जखमी दिसतो," ते म्हणाले. "वर जाणं एक वेळ जमतं. गोळी लागलेला माणूस स्वतःचा भार सावरत नाही, तो दुप्पट जड लागतो. असल्या उतारावर एकाला खाली न्यायला चार धडधाकट माणसं तरी हवीत. म्हणजे चार रायफली कमी झाल्या. आणि वरून गोळीबार चालूच. आता सांग, त्याला आणायला जाणाऱ्याच्या मनात काय येत असेल?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्यानंतर शौर्यपदकांच्या मानपत्रांतली 'आपल्या सुरक्षिततेची पर्वा न करता' ही ओळ मला कधी नुसती वाचता आलेली नाही.

कॅप्टन विक्रम बत्रांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. 13 जम्मू अँड काश्मीर रायफल्सचा हा चोवीस वर्षांचा अधिकारी पॉइंट 5140 (मीटरमधल्या उंचीवरून नाव पडलेलं शिखर) जिंकून आला होता. नंतर 7 जुलैला पॉइंट 4875 वर जखमी साथीदाराला गोळीबारातून ओढून आणायला तो पुढे सरसावला आणि तिथेच कोसळला. सोबतच्या सुभेदाराला 'तुला बायकामुलं आहेत, तू मागे हो' असं म्हणून तो स्वतः पुढे गेला, असं सांगतात. सिनेमा-जाहिरातींमुळे आपल्याला त्याची विजयाची घोषणा पाठ असते. मला वाटतं, पाठ करायची असेल तर ही दुसरी गोष्ट करावी.

हवेतही असंच घडलं होतं. 27 मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना बंद पडलेल्या विमानातून उडी टाकावी लागली. स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा यांना परतता आलं असतं. सहकारी नेमका कुठे उतरला हे शोधायला ते आपलं मिग-21 घेऊन त्याच भागात राहिले आणि क्षेपणास्त्राने त्यांचं विमान पाडलं. नचिकेता युद्धकैदी होऊन आठवडाभराने परत आले, आहुजा आले नाहीत. त्यांना मरणोत्तर वीर चक्र मिळालं. बत्रांच्या मानाने हे नाव फार कमी घेतलं जातं, याची मला खंत आहे.

कारगिलच्या चार परमवीर चक्रांपैकी बत्रा आणि मनोज पांडे यांना ते मरणोत्तर मिळालं, तर योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार जगले. यादव तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. टायगर हिलवर अंगात अनेक गोळ्या घेऊन ते घरंगळत खाली आले, ते खालच्या साथीदारांना शत्रूचा प्रतिहल्ला येतोय हे सांगायला. स्मारकाच्या परिसरातून टायगर हिलचं टोक ओळखता येतं. तिथल्या जवानाला विचारा, तो बोटाने दाखवतो.

मामांनी वाटेत आणखी एक गोष्ट सांगितली. परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्माने युरोपातल्या, लग्नाने खानोलकरांच्या घरातल्या. पदकावर त्यांनी इंद्राचं वज्र चार वेळा कोरलं, कारण ते दधीची ऋषींनी स्वतःच्या अस्थी देऊन घडलं होतं. मी ते पदक आजवर नुसतं चित्रात पाहिलं होतं, वज्राकडे लक्षच गेलं नव्हतं.

जाणाऱ्यांनी एक गृहपाठ जरूर करावा. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर मानपत्रं वाचायला मिळतात. निघण्यापूर्वी चार-पाच वाचा, हवी तर उतरवून न्या. द्रासमध्ये नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. 26 जुलैच्या विजय दिवसाला सोहळा असतो, पण गर्दी आणि बंदोबस्तही. ज्यांना उताराकडे पाहत शांत बसायचं आहे त्यांनी तो आठवडा सोडून जून किंवा सप्टेंबर निवडावा. सकाळी लवकर गेलात तर श्रीनगर आणि कारगिल, दोन्हीकडच्या गाड्या पोचायच्या आत तासभर मोकळा मिळतो. एक दिवस हाताशी असेल तर कारगिलहून बटालिककडे जा. मनोज पांडे जिथे लढताना पडले ते खालुबार त्या अंगाला आहे. सीमा जवळ असल्याने परवानगीची चौकशी कारगिलमध्ये आधीच करा. वयस्क माणसं बरोबर असतील तर वीरभूमीकडे चालताना त्यांच्या वेगाने चाला आणि वाऱ्यासाठी जाड शाल ठेवा.

निघायच्या वेळी मामा दिसेनात. शोधलं तर ते पुन्हा वीरभूमीत होते, एकेका दगडापाशी थांबून नाव आणि पलटण हलक्या आवाजात वाचत. तिसरी रांग चालू होती. ड्रायव्हरला मी सांगितलं, कारगिलला अंधार पडल्यावर पोचलो तरी चालेल.